न्झे अनोझींची डावी बाजू

उमुओझारा, ओवेरीजवळ
६ ऑक्टोबर १९९६

इकेदी बाळा,

हे पत्र टायरवाल्या लॅझरसच्या हातून येतंय. तो तुमच्या बेल्जियममध्ये जुने टायर घ्यायला निघालाय. तुझ्या आईनं दिलेली सुकी मासळीही त्याच्याकडेच आहे. पुडकं हलकं लागलं तर समज, लॅझरसला विमानात भूक लागली.

आता मोठी बातमी, बसून वाच. येत्या एक जानेवारीला गावात इवा आक्वा आहे आणि यंदा कापड नेसून पुरुषांत जाणाऱ्यांत तुझं नाव आलंय! तीन वर्षांतून एकदा येणारा हा दिवस. यंदा ‘युद्ध संपलं’ या जथ्याची, म्हणजे युद्ध संपलं त्या सुमाराला जन्मलेल्यांची पाळी. तू त्याच जथ्यातला, असं कमिटीनं ठरवलं. कमिटी म्हणजे कोण, ते तुला माहीत आहेच. न्झे अनोझींनी लॉरी विकल्यापासून ते कमिटी चालवतात, आणि दोन्ही सारख्याच चालवल्या: हॉर्न जास्त, ब्रेक कमी. कोणीतरी हळूच विचारलं, “इकेदी पुढच्या जथ्यातला ना?” तर न्झेंनी मानकऱ्याची लाल टोपी सरळ केली आणि म्हणाले, “तो माझ्या लॉरीत जन्मला. त्याचं वय मला नाही कळणार तर काय तुझ्या बायकोला कळणार?” विषय संपला.

तुझ्या आईला सांगितलं तेव्हा ती पामची फळं कुटत होती. मुसळ हवेतच थांबलं. मग “बरं” म्हणाली आणि पुन्हा कुटायला लागली. शिंप्यानं अंगाचं माप घ्यावं, मनाचं घ्यायला जाऊ नये.

तुझं कापड मीच शिवणार, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. माप तुझ्या फुटबॉल क्लबच्या कॅलेंडरवरच्या फोटोवरून घेतलं. पण त्यात तू पळतोयस, त्यामुळे एक पाय लांब येतोय. उभा राहून काढलेला एखादा फोटो पाठव.

तुझा काका, तुझा देदे,
ओसुजी


टुर्नहाउट, बेल्जियम
२९ ऑक्टोबर १९९६

देदे,

मासळी मिळाली. निम्मी मिळाली, असं म्हणा. लॅझरसनं शपथ घेतली की उरलेली कस्टमवाल्यांनी ठेवून घेतली. त्याच्या दाढीला वास कशाचा येत होता, ते मी विचारलं नाही.

पण तुमचं पत्र वाचून मी खोलीत एकटाच नाचलो! खालची म्हातारी झाडूनं छत ठोकायला लागली तेव्हा थांबलो. देदे, तुम्हाला आठवतं? मागच्या ख्रिसमसला भाऊबंदांच्या बैठकीत मी शाळेच्या मैदानाबद्दल बोलायला उठलो, तर कोपऱ्यातून आवाज आला, “कापड न नेसलेला कोण बोलतोय? खाली बस.” हजारो लोक ज्याच्या नावानं ओरडतात तो मी, गपकन खाली बसलो. मला पोरांच्या ताटात जेवायला वाढलं. माझ्या शेजारी अकरा वर्षांचा एक जण होता, त्यानं माझ्या वाटणीचं मटण उचललं. म्हणून सांगतो, हो, हो आणि हो! कमिटीला कळवून टाका. न्झेंना माझा दंडवत सांगा. उभा फोटो सोबत आहे, हवा तिथे लावा.

इथलंही बरं चाललंय. डाव्या विंगवर आता माझ्याशिवाय कोणाला उभं करत नाहीत. हॉलंडच्या एका मोठ्या क्लबचा माणूस सलग तीन सामने येऊन बसला. लांब कोट घालतो, बटाट्याचे काप खातो आणि वहीत काहीबाही लिहितो. आमचे मॅनेजर पॉवेल्स म्हणाले, “त्यांना पंचविशीच्या आतला विंगर हवाय. सहीपर्यंत जपून राहा.” मी म्हटलं, मी चोवीसचाच आहे. ते हसले. आमच्या संघातला आपल्याच देशाचा, बेन्यूकडचा एक भाऊ गेली तीन वर्षं बावीसचाच आहे, त्यामुळे इथं कोणी विचारत नाही, नुसते हसतात. तो तर मला म्हणतो, “खरं वय घेऊन युरोपात आलास? रिकाम्या हातानं सासुरवाडीला जाण्यासारखं आहे हे.”

असू दे. मी खराच बरा.

तुमचा,
इकेदी


टुर्नहाउट
२५ नोव्हेंबर १९९६

देदे,

हे काय करून बसलात?

आज पॉवेल्स साहेबांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर आपल्याकडचा पेपर. अर्ध्या पानाची जाहिरात, मध्ये मी, तोच उभा फोटो. खाली मोठ्या अक्षरांत: “१९७० साली, युद्ध संपलं त्या वर्षी जन्मलेला आमचा बिबळ्या इकेदी, इवा आक्वानिमित्त हार्दिक अभिनंदन! न्झे अनोझी आणि कमिटी.” ब्रसेल्समधल्या कुठल्याशा आपल्याच माणसानं अभिमानानं तो पेपर हॉलंडवाल्यांना नेऊन दाखवला. देव त्याचं भलं करो आणि त्याच्या गाडीचे चारही टायर एकदम बसोत.

कोटवाल्याचा फोन आला होता. “आम्ही चोवीस वर्षांचा मुलगा पाहत होतो. हा सव्वीसचा निघाला, म्हणजे कदाचित तिशीचाही असेल.” मी पासपोर्ट दाखवला. पाच एप्रिल एकोणीसशे बहात्तर. पॉवेल्स म्हणाले, “पासपोर्ट तुमचं सरकार देतं. ही जाहिरात तुझ्या गावानं दिली. गाव कशाला खोटं बोलेल?” वर ते म्हणाले, “आणि फोटो तर तूच पाठवलास.”

देदे, मी एक दिवससुद्धा कमी केला नव्हता. सगळे करतात म्हणाले तेव्हाही केला नाही. आणि आता सगळ्या संघात खोटारडा मीच. त्या बेन्यूवाल्यानं माझी पाठ थोपटली, म्हणाला, “लबाडा, आम्हाला तरी सांगायचंस!”

चूक माझीही आहे, कबूल. कापड मिळणार म्हटल्यावर जथा कुठला याचा मी विचारच केला नाही. पण न्झेंना तर माहीत होतं ना? मी त्यांच्याच लॉरीत जन्मलो. मग ते असं का म्हणतात?

इकेदी


उमुओझारा
१० डिसेंबर १९९६

इकेदी,

पत्र वाचलं. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या पँटला तीन खिसे एकाच बाजूला लावले.

आता तुला सगळं सांगतो. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, पण पोरांसमोर कोणी बोलत नाही. आणि तू अजून पोरांतच आहेस.

बहात्तरच्या ईस्टरला सरकारनं देशभरच्या गाड्या डावीकडून उजवीकडे नेल्या, हे तू शाळेत शिकलास. रेडिओ महिनोन् महिने ओरडत होता. त्यानंतरच्या बुधवारी तुझ्या आईला कळा सुरू झाल्या. तुझा बाप पळत जाऊन अनोझींना घेऊन आला. तेव्हा ते न्झे नव्हते, नुसते अनोझी ड्रायव्हर. लॉरीच्या कपाळावर रंगवलेलं: ‘चालवणारा देव’. देवानं त्या दिवशी लॉरी अशी पळवली की ओजीच्या झाडाच्या वळणावर समोर ओकिग्वेची यामचे कंद भरलेली लॉरी उभी! अनोझी इतक्या वर्षांच्या सवयीनं डावीकडे. तोही सरकारी हुकमाप्रमाणे त्याच बाजूला. टक्कर चुकली, पण आपली लॉरी चरात गेली, त्याचे कंद रस्ताभर लोळले आणि तू तिथेच, फळ्यांवर, जन्मलास.

अनोझी चरातून वर आले आणि पहिलं वाक्य बोलले, “समोरचा चुकीच्या बाजूनं आला.” लोक हसले. आठवडाभर हसत होते. मग अनोझींनी नवीच युक्ती काढली. म्हणाले, “हे बुधवारी झालंच नाही. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी झालं. तेव्हा डावीच बाजू बरोबर होती.” आता ज्याच्या लॉरीनं बाजाराला जायचं, त्याच्या ड्रायव्हिंगला कोण नावं ठेवणार? लोकांनी मान डोलावली. वर्षं गेली, लॉरी गेली, टोपी आली आणि तो गुरुवार पक्का झाला. ‘युद्ध संपलं’चा जथा त्या ईस्टरपर्यंत जन्मलेल्यांचा. म्हणजे न्झेंच्या गुरुवारात तू आत आणि खऱ्या बुधवारात तू बाहेर. गावात आठवड्याचा फरक. जाहिरातवाल्यानं त्याची दोन वर्षं केली.

मी न्झेंकडे गेलो. त्यांनी मला पामची ताडी पाजली, ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ओसुजी, सगळे फुटबॉलवाले वयं चोरतात. पोराला मी दिलेलं वय गोऱ्यांना नको असेल तर तो गोऱ्यांचा प्रश्न.”

मग तुझ्या आईकडे गेलो. तिला म्हटलं, वहिनी, तू एकदा बैठकीत सांग, बुधवार होता. ती म्हणाली, “तो माणूस जुन्या सवयीनं चरात गेला खरा, पण लॉरी एवढी पळवत कोणासाठी होता? माझ्यासाठी. त्याला मी चारचौघांत खोटं पाडू? माझ्यानं व्हायचं नाही.” आणि रडली. तुझ्यासाठीही रडली, न्झेंसाठीही रडली.

कापड शिवून तयार आहे. घडी घालून ठेवलंय. त्याच्याकडे बघवत नाही.

ओसुजी


टुर्नहाउट
१८ डिसेंबर १९९६

देदे,

हॉलंडवाल्यांनी नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खुलाशाची वाट पाहतो म्हटलंय. त्यानंतर ते पोर्तुगालचा एक मुलगा घेतील. तो एकवीसचा आहे. खरोखरच एकवीसचा, असं सगळे म्हणतात. त्याच्या गावात लॉरी नसावी.

आधी मला राग आला होता. आईचं वाचलं आणि गेला. तिला बोलायला लावू नका. न्झेंनाही खाली बघायला लावू नका. माझ्यासाठी लॉरी पळवणारा माणूस आहे तो. माझं नाव त्या जथ्यातून काढा, एवढंच करा. कापड राहू दे. मी पोरांच्या ताटात जेवेन, मटण गेलं तर गेलं.

पण देदे, मी खोटा नाही. हे आपल्या माणसांपैकी कोणीतरी एकदा म्हणावं, असं फार वाटतं.

इकेदी


उमुओझारा
३० डिसेंबर १९९६

इकेदी,

हे पत्र घेऊन लॅझरस आजच निघतोय. मी त्याला मासळी दिलेली नाही, म्हणजे तो वेळेवर पोचेल. सोबत जो पेपर आहे, तो आधी उघडू नकोस. आधी हे वाच.

परवा बैठक झाली. सगळा गाव ख्रिसमसला आलेला, लागोसवाले, अबावाले, नव्या गाड्यांचे हॉर्न वाजवणारे. मी उठलो. “इकेदीचं नाव काढा” असं म्हणायला उठलो होतो, पण तोंडातून दुसरंच निघालं. म्हटलं, “मंडळी, यंदाचा जथा झाला की पुढच्याची तयारी. त्याला अजून नाव नाही. युद्धाच्या जथ्याला युद्धाचं नाव मिळालं. पुढच्यांना काय? त्या काळात मोठं असं काय झालं होतं? मला तर एकच आठवतं, रस्त्यानं हात बदलला. आणि त्या बदलाची गावात पहिली वर्दी कोणी दिली असेल, तर न्झेंच्या लॉरीनं. तेव्हा त्या जथ्याला नाव द्यायचा मान न्झेंचा.”

जथ्याला नाव देणारा म्हणजे गाव असेपर्यंत त्याचं नाव. पण ते नाव घ्यायचं तर बुधवार घ्यावा लागणार, आणि बुधवार घ्यायचा तर डावी बाजू कबूल करावी लागणार.

न्झेंच्या हातात बैठकीत वाटायचा कोलानट होता, फोडायचा बाकी. माझ्याकडे बघत म्हणाले, “ओसुजी, तू माझं माप घेतोयस.”

मी म्हटलं, “न्झे, माझा धंदाच तो.”

तेवढ्यात कोणा लागोसवाल्या शहाण्यानं बायकांच्या बाजूला ओरडून विचारलं, “इकेदीची आई, तूच सांग ना, लॉरी कुठल्या बाजूला होती?” मला वाटलं, संपलं. तुझी आई भाताच्या पातेल्यामागून म्हणाली, “मला काय विचारतोस? मी त्या वेळी दुसऱ्याच कामात होते.”

अरे, काय हसले सगळे! न्झेही हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरले. कोलानट फोडला आणि म्हणाले, “बुधवार होता. मी डावीकडे होतो. रेडिओ मीही ऐकला होता, पण बाई मागे ओरडत होती, रेडिओ कोणाला आठवतोय? आणि पोर रडलं तेव्हा मी लॉरीखाली अ‍ॅक्सल बघायला गेलो होतो, असं तुम्ही म्हणता ना? अ‍ॅक्सलला काही झालं नव्हतं. मला माणसांसमोर रडायचं नव्हतं.” मग टोपी काढली, पुन्हा घातली. “जथ्याचं नाव ‘रस्ता बदलला’. पोराच्या क्लबाला मी कळवतो. खोटा म्हणतात काय त्याला!”

आता पेपर उघड. शब्द सगळे त्यांचे. पेपरवाला म्हणाला, थोडं सुधारू का? न्झेंनी त्याला लाल टोपीखालून असं बघितलं की त्यानं स्वल्पविरामालाही हात लावला नाही.

“मी, न्झे अनोझी, जाहीर करतो की बहात्तरच्या ईस्टरनंतरच्या बुधवारी, सरकारनं रस्ता बदलला असताना, मी जुन्या सवयीनं डाव्या बाजूनं लॉरी चालवून चरात घातली, आणि त्याच वेळी त्याच लॉरीत इकेदीचा जन्म झाला. सबब तो युद्धाच्या जथ्यातला नाही. वयात चूक माझी. पोरगा खरा आहे.”

तुझ्यासाठी एक वाईट बातमी. तू आणखी तीन वर्षं पोरगाच. कापड डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवलंय. तोवर मांड्या वाढवू नकोस, शिवणीत जागा ठेवलेली नाही. आणि मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नकोस.

ओसुजी


हॉलंड
१० मार्च १९९७

न्झे,

पोरगा नमस्कार करतो. देदे हे तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांना सांगा, हळू वाचा आणि मध्ये हसू नका.

तुमची जाहिरात कोटवाल्या साहेबांनी डच भाषेत करून घेतली. वाचून त्यांना ठसका लागला, बटाट्याचे काप नाकात गेले. म्हणाले, “वय चोरायला माणूस कागद आणेल, शिक्का आणेल. पण एवढ्यासाठी कोणी म्हातारा सगळ्या देशासमोर स्वतःला चरात घालून घेणार नाही.” त्याच दिवशी सही झाली. तो पेपर चौकटीत घालून त्यांच्या खोलीत टांगलाय. खाली तुमचं नाव आहे, टोपीसकट वाटावं असं.

आता जे लिहितोय ते फक्त तुमच्यासाठी. इथल्या कोचकडे डाव्या विंगवर आधीच एक जण आहे, गावचा लाडका. मला म्हणाले, “तू उजवीकडे खेळ.” महिनाभर सराव केला. उजवीकडे, उजवीकडे, रात्री कूस बदलायचो तीही उजवीकडे. मग पहिला सामना. वीस हजार माणसं. चेंडू आमच्याकडे आला, लोक ओरडायला लागले, आणि त्या आवाजात मला काही आठवेना, फक्त पाय पळायला लागले. न्झे, पाय डावीकडे गेले. आमचाच डावा विंगर समोरून येत होता. दोघं असे आदळलो की त्याचा एक दात हलला. चेंडू बाहेर. वीस हजार माणसं हसली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: मी गवतात उताणा.

नंतर उजवीकडून एक गोल केला, पण तो कोणाच्या लक्षात नाही.

लहानपणी ओजीच्या वळणावरून जाताना आम्ही पोरं तुमच्या नावानं हसायचो. गवतात पडल्या पडल्या मला तुम्हीच आठवलात. कोचनं विचारलं, काय झालं? काय सांगू त्यांना?

तुमच्या लॉरीतला,
इकेदी


उमुओझारा
२ एप्रिल १९९७

इकेदी,

ओसुजी लिहून घेतोय, मी सांगतोय. वाचताना तो हसला. त्याला मी बाहेर काढलं होतं, पण लिहायला दुसरं कोणी नाही म्हणून परत आत घेतला.

गोल केलास ते बरं केलंस. उजवीकडून केलास ते फारच बरं. रस्ता हुकमानं बदलतो, पोरा, पाय हुकमानं बदलत नाहीत. लोक हसतील. हसू दे. आठवडाभर हसतात, मग त्यांना बाजाराला जायचं असतं.

त्या मुलाच्या दाताला गरम मिठाचं पाणी सांग.

आणि कोचला काय सांगायचं म्हणतोस? मी एक वाक्य चोवीस वर्षं वापरलं. चांगलं टिकाऊ वाक्य होतं, कधी दगा दिला नाही. आता गावात ते मला बोलता येत नाही, तुझ्यापायी रिकामं पडलंय. ते तुला देतो. छाती काढून, डोळ्यात डोळा घालून बोल:

समोरचा चुकीच्या बाजूनं आला.

न्झे अनोझी